शेंड्याचा मणी

आमच्या घरात कुणालाही एखादं काम "झालं" असं म्हणायची सोय राहिलेली नाही. मी म्हणालो, "दाराला कुलूप लावलं," की बायको जिन्यातच थांबून विचारते, "कशावरून?" मुलगी म्हणाली, "धडा पाठ झाला," की मी विचारतो, "कशावरून?" मागच्या दिवाळीत मी फराळाच्या ताटावर बसून "तीन किलो उतरलो बरं का" असं जाहीर केलं, तेव्हा सासूबाईंनी नुसता पायानं वजनकाटा पुढे सरकवला. मी चकली खाली ठेवली नाही, पण काट्यावरही चढलो नाही.

हा रोग मी ऑफिसातून घरी आणला आणि मला तो आमच्या सरांकडून लागला. समोर सगळे त्यांना नुसतं "सर" म्हणायचे. पाठ फिरली की "कशावरून सर."

आमचं विद्यापीठ तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. शहरातले रिक्षावाले जिथून परत फिरतात आणि टोमॅटोची वावरं सुरू होतात, तिथं ते आहे. लहान, नवं आणि महत्त्वाकांक्षी. मोठ्या विद्यापीठांकडे असतं ते सगळं आपल्याकडे हवं म्हणून आमच्या लोकांनी एका हॉटेलात दोन दिवस बसून, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊन, 'दशवार्षिक उन्नती आराखडा' तयार केला. त्यात नऊ ध्येयं होती. आठच निघाली होती, पण नऊ बरी दिसतात म्हणून जेवणानंतर एक वाढवलं. मग प्रश्न आला, ही ध्येयं कुठवर आली ते मोजायचं कुणी? त्यासाठी 'ध्येयपूर्ती मापन कक्ष' निघाला. कक्षात सर, मी आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टर आधीपासून तिथंच होता, त्यामुळे सेवाज्येष्ठता त्याची.

भिंतीवर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर नऊ ध्येयं, आणि प्रत्येक ध्येयासमोर एक ठिपका. हिरवा म्हणजे पूर्ण, पिवळा म्हणजे चालू, लाल म्हणजे नापास. ठिपक्यांचे स्टिकर पहिल्याच महिन्यात संपले आणि नव्याची मागणी खरेदी विभागात अडकली. म्हणून मी बायकोची टिकल्यांची पाकिटं आणली. विद्यापीठाची उन्नती पुढे सगळी टिकल्यांवर चालली. दर सहा महिन्यांनी नियामक मंडळ बसायचं आणि टिकल्या बघायचं. नियम एकच होता, पण कडक होता. ज्या उपक्रमाला लागोपाठ दोन बैठकांत लाल टिकली, तो बंद.

मी स्वभावानं हिरवा माणूस. कुणाचं मन मोडवत नाही. विभागप्रमुखांनी चहा पाजला की माझा हात आपोआप हिरव्या पाकिटाकडे जायचा. सर माझ्या हातावर हळूच चापट मारायचे. "आधी विचार. मग चिकटव."

एकदा एका विभागाकडून अहवाल आला: 'संशोधन संस्कृती रुजवणे, पंचाहत्तर टक्के पूर्ण.' सरांनी विभागप्रमुखांना बोलावलं. खुर्ची दिली. पाणी दिलं. सरांनी पाणी दिलं की माणूस सावध व्हायचा.

"पंचाहत्तर कशावरून?"

"अंदाजे, सर."

"मग सत्तर का नाही?"

"सत्तर मागच्या वेळी होतं."

सरांनी पेन उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मागील वेळी सत्तर होते म्हणून.' विभागप्रमुखांनी हात जोडले, "अहो सर, असं लिहू नका." सर म्हणाले, "मी काहीच लिहिलं नाही. तुम्ही सांगितलं ते उतरवलं."

हरित परिसराचं ध्येय तर फोटोंवर हिरवंगार झालं होतं. दर पावसाळ्यात पाहुणे यायचे, रोप लावायचे, टाळ्या व्हायच्या. सर एक दिवस उन्हाची टोपी घालून फोटो हातात धरून परिसर फिरले. मी मागून छत्री घेऊन. (माझ्यासाठी. सर उन्हाला जुमानत नसत.) शेवटी एका जागी उकिडवे बसले आणि तीन वर्षांचे तीन फोटो जमिनीवर मांडले. तिन्हींत मागे तोच विजेचा खांब होता, आणि खांबावर त्याच शिकवणीची तीच जाहिरात. सरांनी अहवालात लिहिलं: 'झाडे तीन, खड्डा एक.' आता सगळ्या कार्यालयाला समजलं की हा माणूस आपल्याला सुखानं जगू देणार नाही.

सरांच्या खिशात पेनाशेजारी कायम एक प्लॅस्टिकची पट्टी असायची. ओळीनं गोल भोकं पाडलेली, प्रत्येक भोकाखाली आकडा. मला वाटलं भूमितीची असेल. निघाली द्राक्षाची. सर पिंपळगावचे, घरची बाग. मण्याची जाडी त्या भोकांतून तपासायची असते. सर ती फायलीत पानाच्या खुणेला घालायचे. टेबलाच्या खणात घरच्या बेदाण्यांचा डबा असायचा. एखादा आकडा पडताळून खरा निघाला की एक बेदाणा खायचे. एकच. डबा दोन वर्षं पुरला, यावरून आमच्या विद्यापीठाची कल्पना यावी.

"माझे वडील," सर एकदा सांगत होते, "व्यापारी बाग बघायला आला की त्याला पहिल्या ओळीत न्यायचे नाहीत. रस्त्याच्या कडेचा, उन्हातला घड तर कुणाचाही गोड असतो. ते त्याला मधल्या ओळीत न्यायचे, सावलीतला घड दाखवायचे, आणि त्या घडाच्याही अगदी शेंड्याचा, खालचा मणी तोडून हातावर ठेवायचे. गोडी वरून उतरत येते ना, शेंड्याला सगळ्यात शेवटी पोचते. तो मणी गोड लागला तर बाग तयार."

"आणि नाही लागला तर?"

"तर व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवायचे. आई चिडायची."

सरांचं सगळं मोजमापशास्त्र एवढंच. कुणी भलामोठा तक्ता आणला की म्हणायचे, "हा उन्हातला घड झाला. शेंड्याचा मणी कुठाय?"

आता ध्येय क्रमांक सात. 'दुर्गम भागातील शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचणे.' त्यासाठी सुरगाण्याला आमचं एक अभ्यासकेंद्र होतं. शाळेची एक खोली, रविवारी वर्ग, हिवाळ्यात परीक्षा. केंद्रांच्या विभागानं कागद पाठवला: नावनोंदणी एकेचाळीस, लक्ष्य चाळीस, ध्येय पूर्ण. मी हिरवी टिकली काढून बोटावर घेतलीसुद्धा.

"परीक्षेला किती बसले?" सरांनी विचारलं.

मी यादी बघितली. अकरा. उरलेल्या तीस जणांपुढे 'गैरहजर'.

टिकली माझ्या बोटावर तशीच राहिली. कारण मागच्या बैठकीतही सरांनी हाच प्रश्न विचारला होता आणि सातव्या ध्येयाला लाल लागली होती. आता पुन्हा लाल म्हणजे केंद्र बंद.

"सर," मी म्हणालो, "राहू द्या ना हिरवी. नोंदणी खरी आहे. खोटं काही नाही त्यात. आपण लाल लावली तर त्या अकरांचंही शिक्षण जाईल."

सर बराच वेळ पट्टीच्या भोकातून इन्व्हर्टरकडे बघत बसले. मग म्हणाले, "तीस जण गेले कुठं, ते बघून येऊ."

वणीपर्यंत एस.टी. आणि पुढे जीप. जीपमध्ये सीटचा जो भाग माझ्या वाट्याला आला, त्यावर मी पंचाहत्तर टक्केच बसलो होतो. उरलेले पंचवीस सुरगाण्यापर्यंत हवेत. सर मात्र मागच्या दाराशी नागलीच्या पोत्यावर मांडी घालून आरामात.

केंद्र चालवणारे गुरुजी साधे, नीटनेटके. हजेरीपुस्तकाला खाकी कव्हर. पावसाळाभर वर्ग भरलेले, सह्या सगळ्यांच्या. सर पानं उलटत गेले. जूनपासून भात निघेपर्यंत चाळीसेक सह्या, मग एकाच आठवड्यात पान रिकामं.

"गुरुजी, हे काय झालं?"

"बागेला गेले, सर."

"कुठल्या?"

"तुमच्याच तिकडं. पिंपळगाव, दिंडोरी. भात झाला की टोळ्या उतरतात. छाटणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, मग थिनिंग. परीक्षा नेमकी थिनिंगात येते. मी तीनदा पत्र लिवलं विद्यापीठाला, तारीख बदला म्हणून."

"उत्तर आलं?"

"आलं ना. 'आपले पत्र मिळाले' असं आलं."

परतीच्या वाटेवर सर खिशातली पट्टी काढत आणि परत ठेवत राहिले. मी दोनदा बेदाण्यांचा विषय काढून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "घरी ये. पिंपळगावला." मी स्कूटर काढली. बायकोनं विचारलं, "ऑफिसचंच काम आहे, कशावरून?" मी म्हणालो, "द्राक्षं खायचा मोसम नाही, त्यावरून." ओझर मागं टाकून पोचलो तेव्हा सर बागेच्या तोंडाशी उभे होते. सोबत धाकटा भाऊ. बाग तोच बघायचा.

आत मांडवाखाली पंधरावीस बाया पालथ्या क्रेटवर उभ्या राहून कात्रीनं घडातले जादाचे मणी काढत होत्या. थिनिंग म्हणजे हेच. घडात गर्दी ठेवली तर मणी फुगत नाहीत. कात्र्यांचा बारीक कटकट आवाज, आणि जमिनीवर हिरव्या मण्यांचा सडा.

सरांनी घसा साफ केला. "बायांनो, तुमच्यात सुरगाण्याच्या केंद्रात नाव घातलेलं कुणी आहे का?"

कात्र्या थांबल्या. मग एक हात वर झाला. मग दुसरा. एकूण पाच.

पुढची तिशीची होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली. नाव यमुना. शेवटच्या वर्षाला. परीक्षेचा बैठक क्रमांक तिनं न विचारता म्हणून दाखवला.

"मग पेपरला का नाही गेलीस?" सरांनी विचारलं.

"गेली असती, सर. पण मुकादम म्हणला, थिनिंग थांबत नाय. पाच दिस सुट्टी घेतली तर टोळीतून नाव कमी."

सरांनी भावाकडे बघितलं. भाऊ चिडला. "माझ्याकडं काय बघतो, दादा? तूच फोन केला व्हता ना त्या रविवारी? 'थिनिंग वेळेत उरक, नाहीतर मण्याला साइज येणार नाय.' तू म्हणला का नाय?"

सर म्हणाले, "म्हणालो."

"मग? मला काय सपान पडलं व्हतं, ह्यांचे पेपर हायेत म्हणून? तुमच्या विद्यापीठानं कधी सांगितलं?"

यमुनानंच विचारलं, "सर, केंद्र बंद करनार म्हनं?"

"अजून ठरायचंय."

"गावात अंगणवाडीची जागा निघायची हाय. पदवी असली तर माझं काम व्हईल. मंग ही कात्री सुटंल. कोण ठरवतं हे?"

मी माझ्या चपला बघू लागलो. सर म्हणाले, "मोजतो मी. ठरवतात दुसरे."

"मंग तुमी मोजलंच नाय नीट," ती म्हणाली. रागानं नाही, कुणाला हिशेब समजावून सांगावा तशी. "कागदावर आमी गैरहजर. आमी कुठं पळालो? हितं हजर हाय. हितं मोजा की."

एवढं बोलून ती पुन्हा क्रेटवर चढली. मुकादम बघत होता.

बैठक चार दिवसांवर होती. सरांनी सातव्या ध्येयासमोर स्वतःच्या हातानं लाल टिकली लावली. मी म्हटलं, "सर, निदान पिवळी?" ते म्हणाले, "अकरा म्हणजे अकरा." यमुना कात्री घेऊन डोळ्यांसमोरून हलेना.

कुलगुरू भले गृहस्थ होते. त्यांना फक्त हिरवा रंग आवडायचा. फ्लेक्सवर नजर फिरवत ते सातव्या ओळीशी थांबले, हातातला अहवाल उघडला आणि 'अपूर्णतेचे कारण' हा रकाना मोठ्यानं वाचू लागले: "'परीक्षेच्या दिवशी गैरहजरांपैकी पाच विद्यार्थी, मोजणाऱ्याच्या घरच्या द्राक्षबागेत, मोजणाऱ्याच्याच सांगण्यावरून, थिनिंग करत होते.'" त्यांनी चष्मा काढला. "अहो, हे असं लिहितात का?"

"कसं लिहायचं, सर?"

"'हंगामी स्थलांतर व सामाजिक-आर्थिक घटक.' असं."

"त्यात माझा भाऊ दिसत नाही, सर. मीपण दिसत नाही."

मंडळात पिंपळगावच्याच बाजूचे, निफाडकडचे एक वयस्कर सदस्य होते. बैठकीत ते सहसा काजू खायचे आणि शेवटी "छान" म्हणायचे. त्यांनी काजूची बशी बाजूला सारली. "किती म्हणालात आमच्या भागात?"

"तीस. पाच माझ्याकडं. बाकीचे अजून शोधतोय."

"माझ्याकडंबी सुरगाण्याचीच टोळी हाय," ते हळूच म्हणाले. मी त्यांनी बाजूला सारलेल्या बशीतला एक काजू उचलला. बैठकीचा नाश्ता बाकी होता.

कुलगुरू म्हणाले, "पण नियमाप्रमाणे दुसरी लाल आहे. केंद्र बंद करावं लागेल."

सर उभे राहिले. बैठकीत ते कधी उभे राहत नसत. "नियम बरोबर आहे, सर. पण केंद्र नापास झालेलं नाही. आपण परीक्षा चुकीच्या तालुक्यात घेतली. तीस जणांची परीक्षा पिंपळगावात घ्या. माझ्या घरचं पॅकहाउस आहे, माल यायला अजून महिना आहे. जागा रिकामी आहे. पाच दिवस माझी बाग बंद ठेवतो. दुसऱ्यांच्या बागांचं मी सांगू शकत नाही."

"माझीबी बंद," वयस्कर सदस्य म्हणाले. आणि सवयीनं पुढे जोडलं, "छान."

तशी ती परीक्षा झाली. द्राक्षाच्या पेट्या भरायच्या लांब टेबलांवर बाया ओळीनं बसल्या. भिंतीवर 'येथे चपला घालून येऊ नये' अशी पाटी होती, ती कुणी काढली नव्हती, त्यामुळे पर्यवेक्षक म्हणून मी पाच दिवस अनवाणी. फरशी बर्फासारखी. दुसऱ्या दिवशी मला सर्दी झाली, तिसऱ्या दिवशी मी शिंकलो की सगळ्या बाया एकदम वर बघायच्या. अठ्ठावीस जणी आणि जण आले. दोघांचा पत्ताच लागला नाही. त्या दोघांची नावं सरांनी फ्लेक्सच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहून ठेवली.

बाहेर सरांचा भाऊ मांडवाखाली एकटाच कात्री घेऊन उभा होता. मला बघून म्हणाला, "तुमचे साहेब लय अवघड माणूस हाय हो." मी म्हणालो, "आम्हाला रोज असतात."

त्या वर्षी त्या बागेला मण्याची साइज आली नाही. काढणीच्या वेळी सरांनी माझ्यासमोर पट्टी लावली. अठराच्या भोकातून मणी खुशाल आरपार गेला. सोळाशी अडला. "सोळा," सर म्हणाले. भावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग खिशातून एक बेदाणा काढून खाल्ला. आकडा खरा होता ना.

निकाल लागला तो सरांच्या निवृत्तीच्या आठवड्यात. कुलगुरूंचा पॅकहाउसमधला फोटो छापून झाला होता, केकवर 'ध्येय ७' असं लिहिलं होतं. सगळे म्हणाले, सर, जाता जाता हिरवी टिकली तुमच्या हातानं. सरांनी यादी मागितली. सगळे पास होते, बोट खाली खाली जात शेवटच्या नावाशी थांबलं. यमुना. बाकी सगळ्या विषयांत पास, इतिहासात एकतीस. चार गुणांनी नापास.

"नापास!" सर ओरडले. आनंदानं ओरडले. नापास माणसाबद्दल एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर बघितला नव्हता. "गैरहजर नाही. एकतीस आहे. एकतीस मोजता येतात."

त्यांनी लाल टिकली काढून पिवळी लावली. कुलगुरू केकची सुरी घेऊन तसेच उभे. मला बाजूला घेऊन सर म्हणाले, "तेवढा शेंड्याचा मणी राहिलाय. तो गोड झाला की हिरवी कर." आणि खिशातली पट्टी माझ्या खिशात खोचली. माझ्या खिशात ती अजूनही आडवीच बसते. पोट मध्ये येतं.

पुढच्या हंगामात इतिहासाचा पेपर पॅकहाउसमध्येच झाला. उन्हाळ्यात एका दुपारी फोनवर यमुनाच्या गुणपत्रिकेचा फोटो आला. इतिहास, अठ्ठेचाळीस. खाली एकच ओळ: 'सरांना सांगा.' मी सरांना फोन लावला. पलीकडून काही क्षण कात्रीचा आवाज. मग, "टिकली लावलीस?"

मी तडक कक्षात गेलो. भिंत रिकामी होती. नवे कुलगुरू आले होते, नवा आराखडा आला होता. पंधरा वर्षांचा, ध्येयं बारा, सगळं संगणकावर. सातवं ध्येय आता 'परिसराचे जागतिक ब्रँडिंग' होतं. जुना फ्लेक्स कुठाय, विचारलं, तर शिपाई म्हणाला, "साहेब, तुम्हीच नाही का नेला? घरी कामाला येईल म्हणून?"

खरंच की. मीच नेला होता.

घरी गच्चीवर आलो तर बायकोनं त्यावर कुरडया वाळत घातलेल्या. ऊन रणरणत होतं. मी गुडघ्यांवर बसून पहिल्या ध्येयापासून कुरडया सरकवत निघालो. तीन मोडल्या. सातव्या ओळीत पिवळी टिकली सापडली, उन्हानं फिकी झालेली.

"अहो, काय चाललंय? कुरडया!" बायको दारातून ओरडली.

"यमुना पास झाली."

ती जवळ आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कशावरून?"

मी फोन पुढे केला. तिनं उन्हात हाताचा आडोसा करून गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. अगदी खालच्या ओळीपर्यंत. मग खाली गेली आणि आरशावर चिकटवून ठेवलेली हिरवी टिकली बोटाच्या टोकावर घेऊन वर आली.